करारावरचे जमादार

माझे सासरे पोलिसातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले, पण उचगावात त्यांना सगळे शेवटपर्यंत जमादारच म्हणत. आमच्या वस्तीतून पोलिसात गेलेले ते पहिले. बाहेरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली त्यांचा वर्दीतला फोटो होता, आणि कुणी नवीन माणूस घरी आलं की आत्याबाई आधी त्या फोटोकडे बोट दाखवायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. लग्न होऊन पाच-सहा वर्षं झाली तरी त्यांच्याशी माझं बोलणं जेवायला वाढलंय, चहा ठेवलाय, एवढ्यापुरतंच होतं. मला त्यांची भीती वाटायची, हेही खरंच.

निवृत्त होऊन त्यांना जेमतेम आठ महिने झाले होते. दोन हजार सालाच्या थोडं पुढची गोष्ट. एका सकाळी ठाण्यातला एक शिपाई मोटारसायकलवरून घरी आला. मी शाळेला निघाले होते, प्राथमिक शाळेत शिकवायची मी तेव्हा, पण तो आल्यामुळे दारातच थांबले. साहेबांनी बोलावलंय म्हणाला. ठाण्यात माणसंच नव्हती. जुने एकामागून एक निवृत्त होत होते, भरती कुठंतरी अडकली होती, आणि जे होते ते कायम बंदोबस्ताला. म्हणून निवृत्तांपैकी ज्यांची तब्येत धड आहे त्यांना करारावर, मानधनावर, बसून करायच्या कामाला घ्यायचं ठरलं होतं.

"पुना?" आत्याबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "छत्तीस वर्सं दिली की त्यास्नी. अजून काय ऱ्हायलंय?"

त्या संध्याकाळी मामंजींनी ट्रंकेतून खाकी पँट काढली, इस्त्री केली, आणि सकाळी पुन्हा घडी घालून ट्रंकेत ठेवली. करारावरच्या माणसाला वर्दी नव्हती. पांढरा सदरा आणि करड्या रंगाची पँट घालून ते गेले. दोन दिवसांनी जेवताना त्यांनी सांगितलं, की गेटवरच्या नव्या पोराने त्यांना अडवून विचारलं, "पावणं, कुणाकडं काम हाय?" सांगताना ते हसले नाहीत, म्हणून आम्हीही हसलो नाही.

त्यांना काम दिलं होतं मुद्देमालाच्या खोलीचं. चोऱ्यामाऱ्यांत पकडलेला, सापडलेला माल ठाण्यात जमा होतो. खटला चालतो, संपतो, माल तसाच पडून राहतो. ती खोली भरून वाहत होती आणि अर्ध्या वस्तू मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या होत्या. गंजलेल्या सायकली, हंडे, घागरी, एक रेडिओ, कोयते, गाठोडी, प्रत्येकाला लाखेने चिकटवलेली चिठ्ठी. कितीतरी चिठ्ठ्या उंदरांनी खाल्लेल्या. मामंजींनी नोकरीतली मधली सात-आठ वर्षं याच खोलीत कारकुनी केली होती. साहेबांनी त्यांना सांगितलं, "आण्णा, तुमच्याशिवाय हे कुणाला उलगडायचं नाही. एकेक वस्तू काढा, कागद जुळवा, मालकाला परत करा आणि खोली रिकामी करा."

पहिला महिना बरा गेला. ते रोज धुळीने माखून यायचे आणि न्हाणीघरात बराच वेळ खोकायचे, पण चेहऱ्यावर काहीतरी परत आलं होतं. कुणाची सायकल दिली, कुणाचे हंडे दिले, हे ते आत्याबाईंना सांगायचे. मग एक दिवस ते आले आणि जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी वह्या तपासत बसले होते, तर ते समोरच्या खुर्चीत येऊन बसले. असं ते कधी बसत नसत.

"एक पत्र लिवून द्याल का?" ते म्हणाले. "माजं अक्षर आता कापतंय."

पत्र कुणाला, मी विचारलं. मग त्यांनी एकेक करत सांगितलं.

नव्वदच्या सुमारास शहरातल्या एका चाळीत चोरी झाली होती. शेजाऱ्यांची भांडी आणि एका विधवा बाईचं शिलाई मशीन गेलं. चोर चार दिवसांत सापडला, मशीनही सापडलं आणि मुद्देमालाच्या खोलीत जमा झालं. बाई ठाण्यात येऊ लागली. हात धरून सात-आठ वर्षांची मुलगी असायची. आवारातल्या बाकावर बसून राहायची आणि मामंजी दिसले की उठायची. "जमादार, माजं मशीन?" आणि मामंजी सांगायचे, कोर्टाचा आदेश घेऊन या. तिला कोर्ट कुठं आहे हेही माहीत नव्हतं. वर्षभर येत राहिली, मग यायची थांबली.

"आता फाईल काढली," मामंजी म्हणाले. "आदेश आलता. तिनं शेवटची चक्कर मारली त्याच्या पुढच्याच म्हैन्यात. मशीन मालकिणीला परत द्यावं म्हणून. तिला कळवायचं पत्रबी मीच लिवलेलं हाय. माजंच अक्षर. पन त्येला जावक नंबर न्हाय. गेलंच न्हाय ते. मला बंदोबस्ताला धाडलं, नि ते फाईलीत ऱ्हायलं."

"किती वर्षं झाली?"

"अकरा."

मी पत्र लिहिलं. ते आठ दिवसांत परत आलं, पत्त्यावर कुणी नाही म्हणून. मग मामंजी स्वतः त्या चाळीत गेले. तिथल्या एका म्हातारीने सांगितलं, की सासरच्यांनी तिला केव्हाच घालवून दिलं, आता कागलकडच्या एका खेड्यात राहते, मुलगी तिथल्या एमआयडीसीत कामाला जाते. मामंजींचा गुडघा एव्हाना धरला होता आणि माझे यजमान त्याच एमआयडीसीत पाळीवर, रविवारीसुद्धा. म्हणून मी म्हणाले, रविवारी मी नेते तुम्हाला.

ते माझ्या स्कूटरवर मागे बसले. दोघांच्या मध्ये कागदांची पिशवी. वस्तीतून जाताना माणसं वळून बघत होती. ज्यांच्या बुटांचा आवाज आला की रस्त्यातले पत्त्यांचे डाव मोडायचे, ते जमादार सुनेच्या मागे बसून चाललेत.

घर सापडायला वेळ लागला नाही. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. बाई पन्नाशीची असावी, पण डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता आणि चालताना ती भिंतीला हात लावत होती. ती अगदी जवळ येऊन बघू लागली आणि मामंजींनी तोंड उघडायच्या आधीच तिने त्यांना ओळखलं.

"जमादार," ती म्हणाली. बस म्हणाली नाही.

"तुमचं मशीन हाय," मामंजी म्हणाले. "ठान्यात हाय. न्यायला सांगाय आलोय."

तिने आत वळून मुलीला हाक मारली, "ऐकलंस का गं, मशीन हाय म्हंत्यात. हाय म्हंत्यात!" मुलगी बाहेर आली. आईचा हात धरून ठाण्यात यायची तीच असणार. ती आमच्याकडे बघत आईच्या शेजारी उभी राहिली.

त्या बाईने मग जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहू शकणार नाही. तिचं माहेर सीमेपलीकडचं, बोलण्यात कानडीची ओढ, आणि मधेच ती थांबायची. नवरा गेल्यावर थोरल्या दिराने तिला ते मशीन घेऊन दिलं होतं, तिच्या पायावर उभी राहावी म्हणून. चोरी झाली तेव्हा तिने सांगितलं, मशीन पोलिसांत आहे, मिळेल. महिने गेले, मिळेना. मग दीर स्वतः ठाण्यात विचारायला गेला. परत आला तो तिला म्हणाला, तिथं कसलंही मशीन नाही, तू विकून माहेरी पैसे धाडलेस. तिने देवाची शपथ घेतली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. कुणी ऐकलं नाही. चार महिन्यांत तिला घर सोडावं लागलं.

"मग त्यांना नाही म्हणून कुणी सांगितलं?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. "ह्येनीच की," ती मामंजींना म्हणाली. "तुमीच म्हणालासा. हितं काय मशीनबिशीन न्हाय, चला निघा. दिरांनी घरी येऊन तुमची नक्कल करून दाखवली मला."

मामंजी पडवीच्या खांबाला धरून उभे होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते नाही म्हणतील असं मला वाटलं, आणि नाही म्हणावं असंही वाटलं.

"आठवत न्हाय मला," ते म्हणाले. "पन म्हणालो असंन. त्या टायमाला येनाऱ्या समद्यास्नीच तसं म्हनायचो आमी."

बाई खाली बसली. पदराने चष्मा पुसला. मग म्हणाली, "मशीन आता मला चालवाय येत न्हाय, दिसत न्हाय. पोरीला द्या. मला कागद पायजे."

"कसला?"

"मशीन ठान्यात हुतं म्हनून. अकरा वर्सं हुतं म्हनून. मी इकलं न्हाय म्हनून. माजे दीर हातकणंगल्याला असत्यात आता. वारं गेलंय अंगावरनं, हातरुणाला खिळल्यात. त्येंचं डोळं मिटायच्या आत मला त्यो कागद त्यास्नी दावायचाय."

परत येताना मामंजी वाटेत एवढंच म्हणाले, "सावकाश चालवा." मी सावकाशच चालवत होते.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांशी बोलले. काय झालं ते घरी येऊन सांगितलं. साहेब तरुण होते, मामंजींना मान द्यायचे. त्यांनी मशीन तेव्हाच द्यायला सांगितलं. पण कागदाला तयार झाले नाहीत. "आण्णा, माल मिळाल्याची सही घ्या, विषय संपला. इतकी वर्षं का लागली हे लिहून द्यायला लागलो तर त्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूचं द्यावं लागेल. वरून चौकशी लागेल. आणि तुम्ही करारावर आहात, तुमची सही ठाण्याच्या कागदावर चालतच नाही."

"मग?" आत्याबाईंनी विचारलं.

"मग मी माज्या कागदावर करतो," मामंजी म्हणाले.

घरात तो आठवडा फार वाईट गेला. आत्याबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांची भीती मला कळत होती. पेन्शनीवर घर चाललं होतं, आणि ती थांबवतात असं कुठूनतरी त्यांच्या कानावर आलं होतं. मीसुद्धा बाईच्या बाजूने उभी राहिले असं नाही. मी मामंजींना म्हणाले, "तुम्ही त्या दिराला नुसतं तोंडी सांगा ना. लिहून कशाला द्यायचं?"

"तोंडीच सांगिटलंवतं की मी," ते म्हणाले. "तोंडी सांगून तर ह्ये झालंय."

मला ते फार लागलं.

माझ्याकडून फक्त कोरा ताव घेतला त्यांनी. लिहिलं स्वतःच, त्या कापऱ्या अक्षरात, दोन दिवस लावून. मला वाचायला दिलं. पोलिसी मराठी, एकही जादा शब्द नाही. सदर शिलाई मशीन अमुक तारखेपासून आजतागायत ठाण्यात जमा होते. कोर्टाचा परत देण्याचा आदेश झाला असताना मालकिणीस कळवण्यात आले नाही. सदर चूक माझ्याकडून झाली. मालकिणीच्या दिरास 'मशीन नाही' असे उत्तरही मीच दिले. मालकिणीने मशीन विकलेले नाही. खाली नाव, निवृत्त सहायक फौजदार, आणि जुना बक्कल नंबर. "उत्तर दिल्याचं तुम्हाला आठवत नाही ना?" मी म्हणाले. "मग मीच दिले असं कसं लिहिता?" त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि घडी घातली.

पुढच्या रविवारी टेम्पो केला. ठाण्यातून मशीन काढून टेम्पोत चढवलं, कागलकडून माय-लेकींना घेतलं आणि सगळे हातकणंगल्याला गेलो. मी आणि बाई पुढे बसलो, मुलगी आणि मामंजी मागे मशीन धरून. वाटेत बाईने एकदा मागे वळून जाळीतून बघितलं.

दिराचं घर गावाच्या बाहेरच्या बाजूला, दारात गोठा. तो कॉटवर होता. उजवी बाजू गेलेली, पण बोलत होता, शब्द जड येत होते इतकंच. त्याची बायको, म्हणजे बाईची जाऊ, दारात आडवी उभी राहिली. बाई उंबऱ्याबाहेरच थांबली. मामंजी पुढे झाले, आपण कोण हे सांगितलं, आणि उभ्यानेच कागद वाचला. वाचताना त्यांचा आवाज ठाण्यात डायरी वाचतात तसा सरळ होता.

वाचून झाल्यावर कॉटवरचा माणूस म्हणाला, "म्हंजे ठान्यातच हुतं?"

"व्हय."

"नि मला न्हाय म्हणालता त्यो?"

"मीच त्यो."

मग तो सुरू झाला. त्या अडकत्या जिभेने मामंजींना जे बोलायचं ते सगळं बोलला. आई-बापावरून, खात्यावरून, खाकीवरून. जातीवरून काही निघतंय का म्हणून मी दार धरून उभी होते, ते निघालं नाही. मामंजी हात सोडून उभे होते. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं, बोललं असतं तर काय झालं असतं तेही मला माहीत होतं. शिव्या देता देता त्या माणसाला दम लागला, आणि त्याची बायको त्याला पाणी पाजायला आत गेली तेव्हा दार मोकळं झालं.

बाई आत आली. कॉटपाशी उभी राहिली. तो तिच्याकडे न बघता तिच्या माहेरच्या कानडीत एक शब्द बोलला. मला कळला नाही. ती कॉटच्या खाली जमिनीवर बसली. जावेने सगळ्यांना चहा दिला. आम्हालाही दिला.

निघताना मी बाईला विचारलं, काय म्हणाले ते.

"बस म्हणाले," ती म्हणाली.

तेवढंच. माफी त्याने मागितली नाही, सासरचं घर तिला परत मिळालं नाही, आणि मधली अकरा वर्षं कुठून येणार होती. कागद तिने दिराच्या उशाशी ठेवला नाही, स्वतःच्या पिशवीत घातला. कागलला मशीन उतरवल्यावर तिने पहिल्यांदा त्याला हात लावला. चाक फिरवून बघितलं, ते जाम झालं होतं. मुलगी म्हणाली, तेल घातलं की सुटेल. मामंजी सही घ्यायला कागद काढत होते तेव्हा बाई त्यांना म्हणाली, "जमादार, तुमच्यावरचा राग गेल्याला न्हाय माजा."

"नका जाऊ दिऊ," मामंजी म्हणाले, आणि तिला अंगठा नको, सही येते का विचारलं. तिला सही येत होती.

व्हायचं ते झालं. दिराचा मुलगा त्या वेळी घरी नव्हता. संध्याकाळी त्याला सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी त्याने कागल गाठून कागदाची नक्कल करून घेतली आणि थेट वरिष्ठांकडे तक्रार केली. चौकशी लागली. आमच्या बाहेरच्या खोलीत एक अधिकारी येऊन मामंजींचा जबाब घेऊन गेला. मामंजींनी कागदात होतं तेच सांगितलं. कराराची मुदत संपली तेव्हा तो पुढे वाढवला नाही. पेन्शन थांबली नाही, पण थांबेल या धास्तीत आमचं जवळजवळ वर्ष गेलं. दर महिन्याला ती जमा होईपर्यंत आत्याबाई नीट जेवत नसत. त्यांनी मामंजींना माफ केलं की नाही मला सांगता येणार नाही. हळूहळू बोलायला लागल्या एवढं खरं.

माझ्या आणि मामंजींच्या मध्ये मात्र काहीतरी सैल झालं. संध्याकाळी मी वह्या तपासायला बसले की ते समोर येऊन बसायचे. नोकरीतल्या गोष्टी सांगायचे, पण पूर्वी आत्याबाईंना सांगायचे तशा नाहीत. कुणाला उगाच थांबवून ठेवलं, कुणाचं ऐकून घेतलं नाही, अशा. काही वेळा मला ते ऐकायचं नसायचं, तरी बसायची.

दीडेक वर्षाने ठाण्यातून पुन्हा फोन आला. साहेब बदलले होते. नव्या साहेबांकडे निवृत्तांची यादी होती आणि मुद्देमालाच्या खोलीत हात घालायला कुणी तयार नव्हतं. मी जवळच होते. मामंजी फोनवर म्हणाले, "साहेब, माजी चौकशी झालीया. आधी कागद बघून घ्या, मग बोलवा." पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. मामंजी नुसतं "बरं" म्हणाले.

आत्याबाईंनी त्या दिवशी भांडी आपटली. मी त्यांना विचारलं, आता कशाला जाता?

"त्या खोलीत अजून लई लोकांचं सामान हाय," ते म्हणाले.

सोमवारी मी त्यांना ठाण्याच्या दारात सोडलं. उतरायला त्यांना वेळ लागला, गुडघा वळत नव्हता. आधाराला म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पहिल्यांदाच, आणि पाय नीट टेकेपर्यंत तसाच राहू दिला. मी शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती.